नाकावाटे औषध: कांदा, स्प्रे आणि नॅनोकण

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कुणाला फिट आली की अजूनही नाकाशी कांदा नाहीतर चप्पल धरतात. वासाने फिट थांबत नाही. पण नाकाची वाट मात्र खरी आहे. आज आपण तीच समजून घेऊ.

नाकाच्या आतलं अस्तर पातळ असतं आणि त्याखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. तिथे टेकलेलं औषध पोट आणि यकृत टाळून थेट रक्तात जातं. फिट थांबवणारा मिडाझोलामचा स्प्रे याच तत्त्वावर चालतो, आणि तो आपल्याकडे मिळतो. फिट ५ मिनिटांच्या वर लांबली की धोका वाढतो. पाड्यावरून गाडी करून शहापूर किंवा मुरबाडला पोचायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला सांगायला नको! स्प्रेला सुई लागत नाही, शीर शोधावी लागत नाही.

मग नॅनोकण कशाला? मिडाझोलामचा रेणू लहान, तो सहज पार होतो. प्रथिनांसारखे मोठे रेणू अडकतात. शिवाय नाकातले सूक्ष्म केस शेंबडाचा थर १५-२० मिनिटांत घशाकडे ढकलतात, म्हणजे औषधही गेलं पोटात. म्हणून औषध १००-२०० नॅनोमीटरच्या कणांत भरतात. आपल्या एका केसाच्या जाडीत असे शेकडो कण ओळीने बसतील. त्यांवर कायटोसानचा लेप देतात. तो कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतो. लेपावर धन भार, शेंबडावर ऋण भार, त्यामुळे कण चिकटून राहतो. पेशींमधले सांधेही थोडा वेळ सैल होतात.

निसर्गाने हे आधीच केलंय. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये स्वाइन फ्लूची नाकात मारायची लस आणली. तिच्यातला दुबळा केलेला विषाणू हा साधारण १०० नॅनोमीटरचा कणच!

वासाच्या नसांमधून औषध थेट मेंदूत नेण्याचे प्रयोगही चालू आहेत, बरेचसे उंदरांवर. पण उंदराच्या नाकातलं जवळपास निम्मं अस्तर वास घेणारं असतं, माणसाचं १० टक्क्यांहूनही कमी. तेव्हा अशी बातमी वाचली की आधी विचारायचं, प्रयोग कुणावर झाला?

नॅनोकण येतील तेव्हा येतील, साधा स्प्रे आज आहे. घरात फिटचा पेशंट असेल तर डॉक्टरांना विचारून ठेवा: स्प्रे चालेल का, किती मारायचा? आणि फिट आली की कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. कांदा राहू द्या भाकरीबरोबर.