हिरवं पाणी

निवृत्तीनंतर माणसाला काही ना काही नाद लागतोच. मला लागला मातीविना शेतीचा. उन्हाची गॅलरी, चोवीस भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा पाइप, खाली वीस लिटरचा पारदर्शक कॅन, मासे पाळणाऱ्यांकडे असतो तसला छोटा पंप आणि पाण्यात विरघळवलेली खतं. एवढ्या भांडवलावर पालक झकास तरारला. ‘पुढच्या रविवारी घरची भाजी’ असं मी मुलीला फोनवर सांगूनही टाकलं.

तिसऱ्या आठवड्यात कॅनच्या कडांवर हिरवट झाक आली. चार दिवसांत पाणी पोपटी झालं, मुळांना बुळबुळीत थर चढला. ‘अहो, हे खायचंय आपण?’ सौ.नं विचारलं. हौदात मोरचूद टाकतात, हे ऐकून होतो. चिमूटभर टाकला. शेवाळ गेलं, मी खूश! पण चार दिवसांनी मुळांची टोकं काळी पडली आणि चोवीसच्या चोवीस रोपं माना टाकून बसली. मोरचुदात तांबं असतं. मातीत ते बरंचसं मातीच्या कणांना चिकटून राहतं. इथं माती नाही, त्यामुळे सगळा मारा थेट मुळांवर. चूक माझीच होती.

मग शोध घेतला, हे शेवाळ आलं कुठून? उत्तर साधं निघालं : ते आलं नाही, ते होतंच. त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत, धुळीत, गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यात, रोपांच्या ट्रेमध्ये, आपल्या हातांवरही असतात. त्यांना पाणी, खत आणि उजेड या तीन गोष्टी लागतात. पाणी आणि खत पालकालाही हवं, ते बंद करता येत नाही. पण मुळांना उजेड लागत नाही. पारदर्शक कॅन ठेवून तो मीच पुरवला होता. पाहुण्याला पाट मांडून वर ‘का आलात?’ विचारण्यातला प्रकार!

शेवाळ दिवसा पाण्यातला कर्बवायू खातं, त्यामुळे पाण्याची आम्लता घटते. साडेपाच ते साडेसहा हा सामू भाजीला मानवतो. तो वर गेला की लोहासारखी द्रव्यं मुळांना मिळेनाशी होतात. रात्री ते मुळांच्या वाट्याचा प्राणवायू वापरतं, आणि मेलं की कुजताना आणखी. पाणी तापलेलं असेल तर आधीच प्राणवायू कमी. अशा गुदमरलेल्या मुळांना कूज लवकर धरते. ओल्या शेवाळावर बारीक माश्याही पोसतात.

कॅलिफोर्नियातले प्राध्यापक गेरिक यांनी १९३७ साली या शेतीला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केलं. त्यांच्या टाक्यांवर जाळी आणि तीवर भुश्शा-पेंढ्याचा थर असे. मुळं अंधारात, पानं उन्हात. गुरुकिल्ली तिथंच होती.

दुसऱ्या खेपेला मी कॅनला आधी काळा रंग दिला, उजेड अडवायला; त्यावर पांढरा, ऊन परतवायला. रिकामी भोकं बुचांनी बंद केली. रोपाभोवतीच्या ओल्या कोकोपीटवर काळ्या प्लॅस्टिकची चकती बसवली. कॅन उन्हातून सावलीत हलवला, पंप रात्रीही चालू ठेवला. पीक निघालं की सगळं पाणी ओतून, पाइप ब्रशनं घासून, पातळ ब्लीचच्या पाण्यानं धुऊन पुन्हा पुन्हा विसळून घ्यायचं. पाण्यात औषध मात्र काही नाही.

एखाद्या भोकाच्या कडेला अजूनही हिरवी रेघ दिसते. पूर्वी घाबरलो असतो, आता फडक्यानं पुसून टाकतो. भातखाचरात नील-हरित शेवाळ हवेतला नत्र पिकाला मिळवून देतं, म्हणून शेतकरी ते मुद्दाम सोडतात. तिथं ते मदतनीस, माझ्या कॅनमध्ये आगंतुक. वैर त्याच्याशी नव्हतंच. झाकण घालायचं तेवढं राहिलं होतं.

मागच्या रविवारी मुलगी आली. ताटात घरच्या पालकाची ताकातली भाजी होती. सौ.नं कॅनचं झाकण किंचित उचलून आत पाहिलं, पांढरीशुभ्र मुळं दिसली, आणि काही न बोलता तिनं ते पुन्हा घट्ट लावलं.