एकट्यास मज्जाव!

ढोकीच्या जुन्या मंडळींना शिवेवरची अडचण समजावून सांगावयास नको. त्यांच्या स्थानकावरून जाणारी बार्शी लाइट अडीच फुटी रुळांवरून धावे. कुर्डुवाडीस मुंबईचा रुंद मार्ग भेटला की बोचकी उचला, पोरे मोजा आणि गाडी बदला! 2008 पर्यंत हाही मार्ग रुंद झाला नि ती धांदल संपली. परंतु अर्धसंवाहक आणि अतिसंवाहक जेथे भेटतात, तेथे बिचाऱ्या इलेक्ट्रॉनला अद्याप गाडी बदलावी लागते. आणि तेथला नियम मोठा विलक्षण आहे.

ट्रान्झिस्टरमुळे अर्धसंवाहक घरोघरी पोचला. अतिसंवाहक मात्र दूरचा पाहुणा. 1911 साली बार्शी लाइट लातुरास पोचली, त्याच साली हॉलंडात कामरलिंग ऑनेस यांनी पारा उणे 269 अंशांपर्यंत थंड केला, तो त्याचा विजेला होणारा विरोध एकाएकी नाहीसाच झाला! (‘अति तेथे माती’ ही म्हण येथे खोटी ठरते.) कारण कळावयास 1957 साल उजाडले: बार्डीन, कूपर व श्रिफर यांनी दाखविले की तेथे इलेक्ट्रॉन जोडीजोडीने वावरतात.

मग एकट्याने आलेल्याचे काय? पुरेशी ऊर्जा नसेल, तर त्याला आत जागाच नाही. 1964 साली रशियाच्या आंद्रेयेव यांनी हे कोडे उलगडले. हा पठ्ठ्या शिवेपाशी येतो, आपल्याच बाजूच्या एकाचा हात धरतो आणि जोडीने आत शिरतो! मागे उरते जोडीदाराची रिकामी जागा. ती आल्या वाटेने परत चालू लागते. आरशावर तिरपा पडलेला किरण पलीकडे जातो. ही मात्र त्याच पावलांवर मागे फिरते. ती धनभारासारखी वागते, म्हणून ती मागे गेली तरी प्रवाह वाढतोच. शीव निर्दोष असेल तर दुपटीपर्यंत!

‘असेल तर’ यातच सारी मेख आहे. अर्धसंवाहकाच्या काठाशी बहुधा विजेचा बांध असतो. इलेक्ट्रॉन त्यावर आपटून नुसताच परततो. इंडियम आर्सेनाइडला सहसा असा बांध नसतो. क्वांटम संगणकाच्या खटपटीत त्याचा भाव वधारला आहे तो यामुळेच.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिसंवाहकाचे बारीक टोक चुंबकीय पदार्थास टेकवून ही परतपावली मोजली गेली आहे. जोडीस उलट फिरकीचा साथी लागतो. चुंबकात एकाच फिरकीच्यांची गर्दी. स्थळ मिळत नाही आणि प्रवाह घटतो. किती घटला, त्यावरून आतल्या फिरक्यांचा हिशेब लागतो.