खुडूक कोंबडी आणि थकीत हप्ता

आमच्या परसातली पांढरी कोंबडी खुडूक बसली, त्याला आज अकरा दिवस झाले. सौ. रोज सकाळी खुराड्यात हात घालून अंडी मोजते आणि कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहिते. या अकरा दिवसांत तो आकडा खाली आला आहे. पांढरी जागची हलत नाही. जवळ गेलं की पिसं फुलवते, चोच मारते. खुडूक मोडायला तिच्या नाकपुडीतून पीस आरपार घाला, नाहीतर पाण्यात बुडवा, असा सल्ला शेजारच्या काकूंनी दिला. सौ.ने ऐकलं नाही. तिने पांढरीखाली नऊ अंडी ठेवली.

कोंबडी अंडी कधी द्यायला लागते आणि कधी थांबते, हे मला निवृत्तीनंतर कळलं. कळायला हवं होतं 1987 मध्ये, तेव्हा मी एका खेड्यातल्या शाखेत अधिकारी होतो.

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. पुढे 1999 मध्ये ही योजना दुसऱ्या योजनेत विलीन झाली. पण तेव्हा मार्चअखेरीस उद्दिष्ट पुरं करायचं म्हणजे काय, हे त्या काळात शाखा सांभाळलेल्यांना विचारा! शेतमजुरी करणाऱ्या एका विधवा बाईंना मी दहा तलंगा आणि एक कोंबडा यांसाठी कर्ज मंजूर केलं. परिपत्रकातल्या तक्त्यावरून हिशेब मांडला: दर कोंबडीमागे महिन्याला पंचवीस अंडी, म्हणजे अडीचशे, साठ पैशांनी दीडशे रुपये. हप्ता साठ रुपये. खाली सही माझी.

तो तक्ता पिंजऱ्यातल्या लेगहॉर्नचा होता. लेगहॉर्नच्या रक्तातून खुडूक बसणं माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळजवळ काढून टाकलं आहे. ती पाचव्या महिन्याच्या आसपास सुरू होते, सोळा तास दिव्याखाली राहते आणि वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. गावरान कोंबडीचं तसं नसतं. तलंग सहा-सात महिन्यांची झाली की तिचा तुरा लाल होतो, पाठीवर हात ठेवला की ती खाली दबते, आडोसा शोधत फिरते. मग पहिलं लहानसं अंडं. एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणून वेळ रोज पुढे सरकते, आणि फारच पुढे गेली की एखादा दिवस खाडा पडतो. (आमच्या रोखपालांचं रजेचं गणितही साधारण असंच होतं.) दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक. उबवायला एकवीस दिवस, पुढे पिल्लं वाढवायला दोन-तीन महिने, तोवर अंडी बंद. वर्षाकाठी पिसं झडतात, तेव्हा खाल्लेलं सगळं नव्या पिसांना लागतं, पुन्हा बंद. दिवस लहान झाल्याचं तिला केवळ डोळ्यांनी नव्हे, कवटीतून मेंदूपर्यंत पोचणाऱ्या उजेडानेही कळतं. थंड देशांत त्यामुळे हिवाळ्यात अंडी जवळपास थांबतात. आपल्याकडे डिसेंबरातही अकरा तासांच्या आसपास उजेड असतो, त्यामुळे तो फटका कमी. उन्हाळ्याची काहिली मात्र जाणवते.

या सगळ्याची बेरीज वर्षाला साठेक अंडी. दहा कोंबड्यांची महिन्याला पन्नास, म्हणजे तीस रुपये. बाईंनी एकही अंडं उबवायला ठेवलं नसतं, एकही घरात खाल्लं नसतं, तरी हप्त्याच्या निम्मे. आणि तलंगा घरी आल्या तेव्हा चारच महिन्यांच्या होत्या. पहिला हप्ता पुढच्याच महिन्यात लागला होता.

श्रावणात मी वसुलीला गेलो. श्रावण म्हणजे अंड्याला गिऱ्हाईक नाही. बाईंनी मला ओसरीवर घोंगडी टाकली आणि डालगं उचलून दाखवलं. आत एक कोंबडी बसलेली. "भाऊसाहेब, ही बसलीय. पिल्लं निघाली की त्यातलीच दोन-चार इकून भरते," त्या म्हणाल्या. म्हणजे योजनेत जे कुणी लिहिलं नव्हतं ते त्यांना ठाऊक होतं: गावरान कोंबडीचं उत्पन्न अंड्यापेक्षा पिल्लात असतं. मी म्हणालो, थकबाकीची यादी शनिवारी वर जाते.

शुक्रवारी बाजार होता. शनिवारी त्या शाखा उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसल्या होत्या. पदराच्या गाठीत एकशेवीस रुपये. अंडी देणाऱ्या विकवल्या नाहीत, म्हणून खुडूक बसलेली आणि आणखी तीन विकल्या, असं त्यांनी सांगितलं. खालच्या अंड्यांचं काय झालं, ते मी विचारलं नाही. पावती माझ्याच हातची. खाते नियमित, असा शेराही मीच मारला.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. माझ्या कादंबऱ्यांत बँकेतली माणसं पुष्कळ आली, त्या बाई कधी आल्या नाहीत.

पांढरी दिवसातून एकदाच उठते, घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते आणि परत जाऊन बसते. सौ.ने आज कॅलेंडरवर पुढचे दहा दिवस पेन्सिलीने आखून ठेवले आहेत.