आरॉनची रेषा आणि निवडीचा प्रश्न

हॅरॉल्ड कोहेन संगणकाकडे वळले ते चित्रकार म्हणून नाव झाल्यावर. १९६६च्या व्हेनिस बिएनालेत ब्रिटनच्या दालनात त्यांची चित्रं होती. १९६८मध्ये ते कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोच्या विद्यापीठात आले, प्रोग्रॅमिंग शिकले आणि सत्तरच्या दशकापासून २०१६मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘आरॉन’ या चित्रं काढणाऱ्या एकाच प्रोग्रॅमवर काम करत राहिले. आजच्या चित्रयंत्रांना शिकण्यासाठी कोट्यवधी प्रतिमा लागतात. आरॉनला एकही दाखवली नव्हती. बंद आकार कसा ओळखायचा, पुढची वस्तू मागचीला कशी झाकते, हात कुठे वाकतो, हे कोहेन यांनी नियमांत बांधून दिलं. त्या चौकटीत रेषा कुठे न्यायची हे आरॉन ठरवी, त्यामुळे एक चित्र दुसऱ्यासारखं होत नसे. रंग मात्र बरीच वर्षं कोहेनच भरत. ते आरॉनला जमायला नव्वदचं दशक उजाडलं. पुढे तो आपणहून चित्रांमागून चित्रं काढू लागला, तरी कुठलं छापायचं हे कोहेनच बघत. माझ्या मते स्वायत्ततेचा कस लागतो तो इथे. काढणं यंत्राला साधलं होतं, नाकारणं नव्हतं.

२०२१मध्ये कलाकार मारिओ क्लिंगेमान यांच्या कल्पनेतून आलेल्या ‘बॉटो’ या चित्रयंत्राने निवडीची हीच बाजू हाती घेतली. तो असंख्य प्रतिमा तयार करतो, त्यांतल्या ३५० दर आठवड्याला मतदानाला ठेवतो, विजेती लिलावात जाते आणि मतांवरून पुढची निवड सुधारते. रचना हुशारीची आहे, पण इथे चांगलं म्हणजे मतं मिळालेलं. माणसाची अभिरुची तरी गुरू, समीक्षक आणि गिऱ्हाइकांकडूनच घडते, असं कोणी म्हणेल. घडते, यात शंका नाही. पण घडलेल्या अभिरुचीवर उलटून तिलाच प्रश्न विचारणं चित्रकाराला शक्य असतं. मग लोकप्रिय ते टाळ, असा नियम यंत्रात घालावा का? त्याने आवडीला फक्त उणे चिन्ह लागेल. मोजमाप मतांचंच राहील. कोहेन यांचं उदाहरण इथे बोलकं आहे. आरॉन स्वतः उत्तम रंग लावू लागल्यानंतरही अखेरच्या वर्षांत त्यांनी ते काम परत आपल्याकडे घेतलं आणि आरॉनच्या रेषांमध्ये टचस्क्रीनवर बोटांनी रंग भरले. यंत्राचं काही बिघडलं होतं म्हणून नव्हे. कामातला आपला वाटा त्यांना परत हवा होता. असा निर्णय घ्यायला आधी मोजपट्टीच बदलावी लागते, आणि बॉटोची मोजपट्टी मतदारांच्या हातात आहे.