कळी उमलायच्या आत

मोगरा उमलला की गजऱ्याच्या बाजारातली त्याची किंमत गेली. बाजाराला हवी असते पूर्ण भरलेली, पांढरी, पण घट्ट मिटलेली कळी. ती संध्याकाळी उमलणार असते, म्हणून पहाटेच खुडावी लागते. मदुराईच्या आसपासच्या खेड्यांत बाया-माणसे डोक्याला विजेऱ्या बांधून अंधारातच वाफ्यात शिरतात. ऊन चढायच्या आत माल माट्टुतावणीच्या फूलबाजारात पोचवायचा असतो.

‘मदुराई मल्ली’ला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या मोगऱ्याच्या पाकळ्या जाड, देठ लांब. लांब देठामुळे कळ्या गुंफायला सोप्या जातात आणि जाड पाकळीमुळे त्या लवकर मलूल होत नाहीत. म्हणूनच हा माल विमानाने सिंगापूर-मलेशियापर्यंत जाऊ शकतो.

झाड तसे काटक. निचऱ्याची जमीन आणि भरपूर ऊन मिळाले की दहा-पंधरा वर्षे फुलते. कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे सव्वा मीटर अंतराने लावले तर हेक्टरी ६,४०० रोपे बसतात. नोव्हेंबरअखेर जमिनीपासून हात-दीड हातावर छाटणी करायची, खत-पाणी द्यायचे. मार्चपासून नव्या फुटीवर कळ्या लगडतात. कळी पोखरणारी अळी आणि कळीमाशी हे दोन शत्रू. कळीमाशीच्या अळ्या कळीच्या बुडाशी शिरतात, कळ्या जांभळट पडून वाळतात. फवारणी करावी तर रोज तोडणी चालू, आणि तेच फूल उद्या कुणाच्या तरी केसांत माळले जाणार. या पिकाइतका जपून औषध वापरण्याचा प्रश्न क्वचितच दुसऱ्या पिकात येत असेल.

खरी कोंडी भावाची आहे. डिसेंबर-जानेवारीत थंडी आणि धुक्याने झाड आखडते, कळी मिळत नाही. नेमकी त्याच सुमारास पोंगलची खरेदी असते आणि पाठोपाठ तै महिन्यातले लग्नाचे मुहूर्त. तेव्हा किलोला दोन-तीन हजारांचा भाव निघतो आणि वर्तमानपत्रांत त्याची बातमी होते. बातमी वाचणाऱ्याला वाटते, शेतकरी मालामाल झाला. पण त्या दिवसांत त्याच्या टोपलीत मूठभर कळ्या असतात. टोपल्या भरू लागतात त्या उन्हाळ्यात, आणि तेव्हा भाव शंभर-दोनशेवर उतरलेला असतो. कळी साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे मिळेल त्या भावाला ती द्यावीच लागते. २०२० च्या टाळेबंदीत देवळे आणि लग्ने दोन्ही बंद झाली, तेव्हा फुले फेकून द्यायची वेळ आली.

उरलेली फुले अत्तराच्या कारखान्याला जातात, हा दिलासा खरा, पण तोकडा. तिथे अर्क काढायला उमललेले फूल लागते आणि हजार किलो मोगऱ्यातून मेणासारखा अर्क निघतो जेमतेम दीड-दोन किलो. त्या हिशेबात फुलाला गजऱ्याच्या हंगामातला भाव मिळणे शक्यच नसते.

खर्चात सगळ्यात जड भार तोडणीचा. मजुरी बहुतेक ठिकाणी किलोवर असते आणि किलो भरायला हजारो कळ्या एकेक करून खुडाव्या लागतात. हे काम मुख्यतः बायकांचे. फुलाचा दर मोजताना त्यांच्या बोटांचा हिशेब कुणी मांडत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

महाराष्ट्रात हे पीक पालघर जिल्ह्यात रुजले आहे. विक्रमगड-जव्हारच्या आदिवासी कुटुंबांनी थोड्या गुंठ्यांवर मोगरा लावला. माल दादरच्या फूलबाजारात येतो. भात निघाल्यावर घरदार आवरून वीटभट्टीवर जाण्यापेक्षा उन्हाळ्यात गावातच रोज रोकड हाती येणे, याचे मोल एकट्या भावाने मोजता येणार नाही. मुलांची शाळा सुटत नाही, म्हातारी माणसे मागे एकटी राहत नाहीत. मदुराईपेक्षा मला इथला प्रयोग अधिक महत्त्वाचा वाटतो तो यामुळेच.

मात्र इथली अडचण वेगळी. पावसाळ्यात डोंगर धुऊन काढणारा पाऊस या तालुक्यांत पडतो, आणि झाड फुलायला लागते तेव्हा विहिरी-ओढे आटू लागलेले असतात. रोपे वाटणाऱ्या योजना पुष्कळ निघतात. रोपाबरोबर शेततळे आणि ठिबकच्या नळ्याही आल्या, तरच मार्च ते मे हे कमाईचे महिने हाती लागतील. चार-सहा घरांनी मिळून एकच गाडी दादरला धाडली, तर वाहतुकीचा खर्च वाटला जाईल आणि अडत्याशी बोलताना माल थोडा मोठा दिसेल.