मंडूर : लोखंडाच्या मळाचे औषध

लोखंड गाळताना धातूपासून वेगळा होऊन भट्टीत साचणारा मळ म्हणजे लोहकिट्ट. हे किट्ट वर्षानुवर्षे जमिनीत मुरले की आयुर्वेद त्याला मंडूर म्हणतो आणि त्याचे भस्म पांडुरोगावर देतो. त्वचा, नखे आणि डोळ्यांच्या आतली कडा फिकी पडणे, जिना चढताना धाप लागणे, छातीत धडधडणे, पाय सुजणे ही पांडूची लक्षणे आजच्या भाषेत ॲनिमियाची, म्हणजे रक्तक्षयाची आहेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला सोळावा अध्याय पांडुरोगाचा असून त्यात मंडुराचे कल्प दिलेले आहेत. त्यातला पुनर्नवा मंडूर आजही वैद्यांच्या रोजच्या वापरात आहे.

उदगीरच्या वाचकाला या द्रव्याची पार्श्वभूमी परकी नाही. लातूर-नांदेडचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आणि काळ्या मातीचा असला तरी उदगीरहून बिदरकडे निघाले की लाल जांभा दिसू लागतो. तो लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. 1956 पर्यंत उदगीर तालुका हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यातच होता, आणि त्याच राज्यात, नांदेडपलीकडे निर्मळ आणि निजामाबादजवळचे कोनासमुद्रम ही पोलादाची नामांकित ठिकाणे होती. येथल्या पोलादाच्या वड्या इराणपर्यंत जात आणि त्यांपासून तलवारी घडत. या पट्ट्यात जुन्या भट्ट्यांच्या मळाचे ढीग आजही गावांच्या कडेला आढळतात. मंडुरासाठी जसे जुने किट्ट शास्त्राला हवे असते, तसे किट्ट मराठवाड्याच्या शेजारीच पडून आहे.

जुनेपणाची ही अट औषधाच्या सुरक्षिततेशी थेट जोडलेली आहे. रसग्रंथ, म्हणजे धातू-खनिजांच्या औषधांचे जुने ग्रंथ, शंभर वर्षांचे किट्ट उत्तम मानतात, ऐंशी वर्षांचे मध्यम आणि साठ वर्षांचे कनिष्ठ. त्याहून नवे किट्ट विषासारखे समजावे, असे ते बजावतात. आजच्या रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या अटीला एक नवाच अर्थ आला आहे. जुन्या देशी भट्टीत कोळसा आणि भाता यांच्या बळावर धातुकातले सगळे लोखंड वेगळे होत नसे. त्यामुळे लोखंडाचा मोठा भाग वाळूतल्या सिलिकाशी संयोग पावून मळातच राही. असा मळ वजनाला जड, मोडल्यावर काळपट चमकदार, आणि त्यात लोखंडाचा अंश अनेकदा चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत असतो. आधुनिक झोतभट्टीचा मळ याहून अगदी वेगळा. तेथे चुनखडी घालून जवळजवळ सगळे लोखंड काढून घेतलेले असते आणि मागे उरतो तो मुख्यतः कॅल्शियमचा सिलिकेट. भंगार वितळवणाऱ्या भट्ट्यांची गोष्ट आणखी वाईट, कारण भंगारात रंग, कथिलाचे सांधे, जस्ताचा मुलामा, बॅटऱ्यांचे अवशेष असे काहीही असू शकते आणि त्यांतून शिसे व कॅडमियम मळात उतरू शकते. शंभर वर्षांची अट काटेकोर पाळली तर हा कारखानी मळ औषधात येण्याचा धोका बराच टळतो. लोखंडाच्या कारखान्याबाहेरचा कालचा मळ गोळा करून कोणी मंडूर भस्म बनवत असेल, तर ते मूळ ग्रंथाच्या कसोटीवरही औषध ठरत नाही. ही गोष्ट वैद्यकाच्या दोन्ही बाजूंकडून ठामपणे सांगायला हवी.

मंडुराचे शोधन, म्हणजे शुद्धीकरण, तसे सोपे. किट्टाचे तुकडे बेहड्याच्या लाकडाच्या निखाऱ्यावर लाल होईपर्यंत तापवायचे आणि गोमूत्रात बुडवायचे, असे सात वेळा. तापवणे आणि एकदम थंड करणे यांमुळे दगडासारखा तुकडा भुसभुशीत होतो आणि खलात कुटता येतो. मग त्याला त्रिफळ्याच्या काढ्याची भावना देतात, म्हणजे चूर्ण काढ्यात भिजवून खलतात. त्याच्या वड्या करून वाळवतात, दोन परळांत ठेवून कापडमातीने सांधे बंद करतात आणि गोवऱ्यांच्या खड्ड्यात पुट देतात, म्हणजे भाजतात. गजपुटाच्या, म्हणजे मोठ्या खड्ड्यातल्या पुटाच्या, जुन्या वर्णनात खाली एक हजार आणि वर पाचशे रानगोवऱ्या सांगितल्या आहेत. खड्डा आपोआप थंड होईपर्यंत तो उघडायचा नाही. भस्माला अपेक्षित रंग आणि मऊपणा येईपर्यंत पुटे चालू राहतात. शेवटी तांबूस तपकिरी, हलकी पूड हाती येते. मूळ किट्टातले लोहाचे सिलिकेट या भाजण्यात हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून फुटते, आणि त्यातून मुख्यतः लाल लोह-ऑक्साइड व सिलिका तयार होतात. धातुरूप लोखंड किंवा मोकळे क्षार त्यात जवळजवळ राहत नाहीत.

भस्म तयार झाले की त्याची परीक्षा होते. बोटांच्या रेषांत बसेल इतके बारीक असेल तर ते रेखापूर्ण. स्थिर पाण्यावर टाकल्यास तरंगले तर वारितर. दातांखाली कचकच लागू नये, जिभेला धातूची चव लागू नये, आणि मध, तूप, गुग्गुळ, गुंज, टाकणखार यांच्याबरोबर तापवूनही त्यातून धातू परत निघू नये. या शेवटच्या कसोटीला अपुनर्भव म्हणतात. उपकरणे नसलेल्या काळात केवळ डोळे, जीभ, पाणी आणि विस्तव यांच्या आधारे उभारलेली ही चाचणीपद्धत मोठ्या बुद्धीची आहे. भस्म नीट भाजले गेले की नाही, कण किती सूक्ष्म झाले, हे तिच्यातून चांगले कळते. पण तिची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. दहा लाख भागांत पन्नास भाग शिसे असलेले भस्मही पाण्यावर तरंगते, रेषांत बसते आणि जिभेला चव देत नाही. तेवढे शिसे पकडायला प्रयोगशाळेतले उपकरणच लागते.

शिशाची गोष्ट मंडुराच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. शिसे शरीरात गेले की रक्तातला लाल पदार्थ तयार करणाऱ्या विकरांना ते अडवते, आणि परिणामी रक्तक्षय होतो. म्हणजे पांडूसाठी घेतलेल्या भेसळयुक्त औषधाने पांडूच वाढू शकतो. रुग्णाला वाटते की डोस कमी पडला, तो आणखी पुड्या घेतो आणि आजार खोल जातो. जोडीला पोटात मुरडा, बद्धकोष्ठता, हातापायांत अशक्तपणा, मुलांमध्ये बुद्धीवर आणि अभ्यासावर परिणाम दिसतो. रक्तक्षयाचे औषध चालू असताना पोटदुखी वाढली आणि हिमोग्लोबिन मात्र खाली गेले, तर रक्तातले शिसे तपासून घेणे हाच शहाणा मार्ग.

ही भीती कल्पित नाही. 2004 साली अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. 2008 साली त्याच संशोधकगटाने इंटरनेटवरून मागवलेली 193 उत्पादने तपासली, तेव्हा हे प्रमाण सुमारे 21 टक्के निघाले आणि रसौषधींमध्ये ते सुमारे 41 टक्के होते. या आकड्यांचा राग धरणारे म्हणतात की रसौषधीत धातू असणारच, तो जाणूनबुजून घातलेला असतो. पारद किंवा नागभस्म (शिशाचे भस्म) असलेल्या कल्पाबाबत हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. मंडुरात मात्र असा विषारी धातू अपेक्षितच नाही, त्यामुळे त्यात शिसे सापडले तर त्याला कोणतेही शास्त्रीय समर्थन उरत नाही.

भारतातला कायदा या बाबतीत हळूहळू घट्ट होत आला. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 चा. त्याच्या नियमांतल्या अनुसूची ई-1 मध्ये विषारी द्रव्यांची यादी आहे. पारद, हिंगूळ, हरताळ, मनशीळ, मोरचूद, शेंदूर ही द्रव्ये त्यात येतात आणि ती असलेल्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. मंडूर या यादीत नाही. त्यामुळे मंडुराची गोळी दुकानात सहज मिळते आणि लोकही ती बिनधास्त घेतात. उत्पादनाच्या स्वच्छतेचे व पद्धतीचे नियम अनुसूची टी मध्ये 2000 साली आले. केवळ वनस्पतीजन्य औषधांच्या निर्यातीसाठी 1 जानेवारी 2006 पासून जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. तिच्यातली मर्यादा शिशासाठी दहा लाख भागांत 10, आर्सेनिकसाठी 3, पाऱ्यासाठी 1 आणि कॅडमियमसाठी 0.3 अशी आहे. महाराष्ट्रात आयुर्वेदिक औषध बनवण्याचा परवाना अन्न व औषध प्रशासन देते. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि घटकांची यादी डबीवर नसेल, किंवा आठवडी बाजारात कोणी कागदाच्या पुडीत तांबूस पूड बांधून देत असेल, तर ती घेऊ नये.

आता फायद्याकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. चौथ्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होते. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रांतून वर्षानुवर्षे वाटल्या जात असताना हे घडले आहे. गोळीने मळमळते, पोट दुखते, शौच घट्ट होते म्हणून अनेक बायका ती मध्येच सोडतात, हे त्याचे एक मोठे कारण. मंडुराकडे वैद्य वळतात ते इथेच. लोह-ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे लोहाच्या गोळीतल्या फेरस सल्फेटसारखा जठराच्या अस्तराला त्रास देत नाही. पण त्याच कारणाने त्यातले लोह शरीरात कमी शोषले जाते. सरकारी गोळीत 60 मिलिग्राम लोह आणि 500 मायक्रोग्राम फॉलिक ॲसिड असते. मंडूर भस्माची मात्रा साधारण एक ते चार गुंजा, म्हणजे 125 ते 500 मिलिग्राम. या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, कारण पोटात गेलेले किती आणि रक्तात उतरलेले किती हे दोन वेगळे हिशेब आहेत. त्रिफळ्यातला आवळा, औषधाबरोबर दिले जाणारे ताक यांचा आम्लपणा लोह विरघळायला मदत करतो. पुनर्नवा मंडूर ताकाबरोबर घेण्याचा जुना संकेत त्यामुळे अनुभवातून आलेला वाटतो. मराठवाड्याच्या घरात ताकाला तोटा नसतो, हीही जमेची बाजू.

आधुनिक पद्धतीची मोठी चाचणीही सुरू झाली. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषद आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून, गरोदर नसलेल्या स्त्रियांच्या मध्यम रक्तक्षयासाठी पुनर्नवादि मंडूर एकटा आणि द्राक्षावलेहासह, लोह-फॉलिक गोळीशी तुलना करून पाहण्याचा प्रकल्प हाती घेतला. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि पुण्याचे केईएम रुग्णालय संशोधन केंद्र त्यात सहभागी आहेत. किशोरवयीन मुलींच्या रक्तक्षयासाठीच्या ‘मिशन उत्कर्ष’ या दुसऱ्या उपक्रमातल्या पाच जिल्ह्यांत गडचिरोलीचा समावेश आहे. आयुर्वेदाच्या एका कल्पाला गोळीशेजारी बसवून हिमोग्लोबिन मोजणे, हीच त्याच्या मानाची योग्य रीत.

पुनर्नवा, म्हणजे पावसाळ्यात बांधावर पसरणारी घेटुळी. तिच्या नावाचा हा कल्प साधा लोहाचा डोस नाही. त्यात निशोत्तर, दंती, सुंठ-मिरी-पिंपळी, वावडिंग, देवदार, चित्रक, हळद, त्रिफळा, इंद्रजव, नागरमोथा असे बरेच काही आहे. निशोत्तर आणि दंती रेचक, चित्रक उष्ण. म्हणून सूज, मंद भूक आणि कृमी असलेल्या पांडूत तो शोभतो. गरोदर बाईला तो वैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊ नये, आणि गरोदरपणातल्या सरकारी लोह-गोळीच्या जागी तर नाहीच.

कोणाला मंडूर चालत नाही, हेही ठरवता येते. प्रत्येक फिकेपणा लोहाच्या कमतरतेने येत नाही. शाकाहारी माणसात बी-12 कमी असू शकते, तेथे लोह कितीही दिले तरी उपयोग नाही. थॅलेसेमिया आणि सिकलसेलमध्ये शरीरात लोह आधीच जास्त साठू शकते. सिकलसेल गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी भागात तर आहेच, पण नांदेडच्या किनवट-माहूर पट्ट्यातही आढळतो. मासिक रक्तस्राव जास्त होत असेल किंवा मूळव्याधीतून रक्त जात असेल, तर आधी तो थांबवावा लागतो. आतड्यांतले आकडीकृमी असतील तर ते घालवावे लागतात. हिमोग्लोबिन 8 ग्रॅमच्या खाली असलेली बाई दम लागून खाली बसत असेल, तर तिला पुड्यांवर महिना काढायला लावणे धोक्याचे आहे. तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

थायरॉइडची गोळी आणि काही प्रतिजैविके लोहाशी आतड्यात बांधली जाऊन निकामी होतात, म्हणून त्यांच्यात आणि मंडुरात काही तासांचे अंतर ठेवावे. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर लोहाचे शोषण घटते. लोहाच्या औषधाने शौच काळसर होते, त्याने घाबरण्याचे कारण नाही, मात्र ते डांबरासारखे चिकट काळे असेल तर आतून रक्त जात आहे का हे तपासावे. लहान मुलांच्या हाती लोहाचे कोणतेही औषध पडता कामा नये.

औषध सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन आणि शक्य असल्यास लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासावे, आणि सुमारे चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा पाहावे. लोहाची कमतरता असेल आणि औषध लागू पडत असेल, तर एवढ्या काळात आकडा वर सरकलेला दिसतो. न सरकल्यास निदान किंवा औषध, दोन्हींपैकी एक चुकले आहे. आकडा सामान्य झाला तरी शरीरातला लोहाचा साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात, आणि तो भरल्याचे फेरिटिनवरून कळले की मंडूर थांबवायचे.