फिल्मवरचा डाग: नक्षी की पुरावा?

जुन्या फिल्मवर कधी कधी भलतंच देखणं काहीतरी उमटतं. चेहऱ्याभोवती झाडासारख्या फांद्या, आकाशात बुडबुडे. हे कुणी केलं? कुणीच नाही. पण संशोधनात एवढ्यावर थांबून चालत नाही. डाग कसा आणि कधी पडला, हे विचारावं लागतं.

आधी रचना बघू. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टी आणि तिच्यावर जिलेटिनचा थर. कृष्णधवल चित्र या थरातल्या चांदीच्या कणांचं बनतं. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात, म्हणजे बुरशीला आयतं जेवण. आमच्या विचुंब्यात पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, तिथे निगेटिव्हचं काय! बुरशी फांद्या फोडत वाढते, म्हणून नक्षी झाडासारखी. रंगीत फिल्ममध्ये तिन्ही रंग सारख्या वेगाने विरत नाहीत. बऱ्याच जुन्या प्रती लालसर दिसतात त्या यामुळेच.

अमेरिकन दिग्दर्शक बिल मॉरिसन यांनी २००२ साली अशाच कुजलेल्या फिल्मचे तुकडे जोडून 'डिकेशिया' केला. त्यात एक मुष्टियोद्धा जणू वळवळणाऱ्या डागाशीच झुंजतो. डाग अपघाती, पण तो तुकडा निवडणं हेतुपूर्वक. कला त्या निवडीत आहे.

आता आपल्याकडे या. फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' बघताना पांढरा ठिपका दिसला, तर तो पाण्याचा शिंतोडा की थर सुटल्याची खूण? पुढची फ्रेम बघा. शिंतोडा हालचालीसोबत सरकतो. सुटा डाग बहुधा एका फ्रेमपुरताच असतो. रंगही बोलतो. पडद्यावर दाखवायच्या प्रतीवरचा थर सुटला तर डाग पांढरा दिसतो. मूळ निगेटिव्हचा सुटला तर त्यावरून काढलेल्या प्रतीत तो काळा येतो. म्हणजे नुकसान कोणत्या टप्प्यावर झालं, हे डागच सांगतो. डिजिटल सफाईत डाग पुसला, की ही साक्षही गेली.

आणि मूळ वस्तू कायम राहील, असं धरू नका. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कितीतरी नायट्रेट फिल्म जळाल्या.

घरातली निगेटिव्ह अभ्यासाला घेणार असाल, तर ओल्या फडक्याने पुसू नका. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळू शकतं, आणि डागासोबत चित्रही जातं. आधी आहे तसं स्कॅन करा, कुठे आणि कशात ठेवलं होतं ते लिहून ठेवा. सफाईचं नंतर बघू.